घोटा अडकलाय, फिजिओने हाताने सोडवला, दोन दिवसांनी पुन्हा जैसे थे! कुणाला अनुभव?

चढाईपटू
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

वय ३४, अलिबागजवळचं गाव, शाळेपासून कबड्डी, आधी मातीवर आता मॅटवर. फार मोठा खेळाडू नाही, पण गावच्या संघात चढाईला पहिला मलाच पाठवतात. दोन वर्षांपूर्वी चढाईवरून परत फिरताना उजवा घोटा मुरगळला, पाऊल आत वळलं, कट्‌कन आवाज आला आणि पाच मिनिटांत अंड्याएवढी सूज. एक्स-रेत हाड शाबूत. मग नेहमीचंच, क्रेप बँडेज, आईचा आंबेहळदीचा लेप, आणि तिसऱ्या आठवड्यात मी मॅटवर (आगाऊपणा, माहितीये).

आता दुखत वगैरे काही नाही. पण उकिडवं बसलं की उजवी टाच उचलते, डावी राहते जमिनीवर. बोनसला पुढचा पाय रेषेपलीकडे टेकवून वाकलो की घोट्याच्या पुढच्या बाजूला, बुटाची लेस बांधतो ना तिथे, काहीतरी अडकल्यासारखं होतं, दाराच्या फटीत चिंधी अडकावी तसं. आणि गणपतीपासून डावा गुडघा कुरकुरायला लागलाय, तो तर बिचारा चांगला पाय.

मित्राच्या सांगण्यावरून पनवेलला एका फिजिओकडे गेलो. त्याने जमिनीवर पट्टी ठेवली, भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि म्हणाला टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा, अंगठा मागे मागे सरकवत जा. डावा ११ सेंमी, उजवा साडेचार! मग बाकावर उजवा पाय ठेवायला लावला, नडगीच्या खालच्या टोकाला मागून स्पंजचा तुकडा लावून एक रुंद पट्टा अडकवला, तोच पट्टा स्वतःच्या कमरेभोवती, दोन्ही हातांच्या बेचक्यात माझा घोटा पुढून धरला आणि मागे रेलला. मला म्हणाला आता गुडघा पुढे न्या, दुखलं तर लगेच सांगा. दहा वेळा, थांबा, परत दहा, परत दहा. कटकट नाही, आवाज नाही, काही नाही. उतरून परत मोजलं तर ८ सेंमी. मला वाटलं याने पट्टीच सरकवली, म्हणून मी स्वतः परत मोजलं. ८ च.

घरी येईपर्यंत हवेत. दोन दिवसांनी मोजलं तर ५. आता तो म्हणतो दहा सिटिंग लागतील, एका सिटिंगचे ७००. ही जादू आहे, मनाचे खेळ आहेत की धंदा? प्रामाणिकपणे सांगा.

सुपारी
गुडघा भिंतीला लावून बघितला. माझे २ सेंमी आले. मी तर आयुष्यात कबड्डी खेळलो नाही.

पांढरा_रस्सा
भावा, पट्टा बिट्टा सगळं ठीक आहे पण आमच्या कोल्हापुरात तालमीत हे वस्ताद लोक पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. मी पंधरा ते बावीस वय तालमीत काढलंय. सकाळी जोर-बैठका आणि लढती झाल्या की तेल लावून एकमेकाचं अंग रगडायचं, मोठ्या पैलवानानं पाठीवर उभं राहून चालायचं, आणि कुणाचा खांदा धरला असंल तर वस्ताद हात असा धरून हलवत हलवत गप्पा मारायचे आणि मधीच एक हिसका. पोरगं ओरडायचं आणि दुसऱ्या मिनिटाला हात वर. ७०० रुपयात आमच्याकडं चार दिवसाचा बदामाचा खुराक येतो.

शंकासुर
आणि ज्या पोरांचा हात हिसक्याने वर नाही गेला त्यांच्या गोष्टी कोण सांगतं रस्साभाऊ? ती तालीम सोडून गावी गेली, त्यांचा धागा निघत नाही.

चढाईपटू, माझं मत रोखठोक. अर्ध्या तासात मिळालेलं दोन दिवसांत जात असेल तर तुम्ही भाड्याने घेतलंय, विकत नाही. सांध्यावरच्या हाताच्या उपचारांनी त्या वेळेपुरती हालचाल वाढते हे खरंय, पण त्याने माणूस जोरात पळतो, उंच उडी मारतो, याचे पुरावे फारच तकलादू आहेत. सुईण-वैदूपासून स्पोर्ट्स क्लिनिकपर्यंत सगळीकडे एकच, कुणीतरी आपुलकीने हात लावला की बरं वाटतं.

पांढरा_रस्सा
पटलं अर्धं. एका पोराचा खांदा मग कायमचाच निसटायला लागला, ते खरंय.

आजोळ
आमच्या आईला उसण भरली की शेजारच्या पायाळू काकांना बोलवायचे. ते उंबऱ्यावर उभं राहून पाठीला पाय लावायचे आणि आईची उसण जायची. काका पायाकडून जन्मले एवढंच त्यांचं क्वालिफिकेशन. फी एक कप चहा 😀

हातगुण
आयडी बघून ओळखलंच असेल, मी फिजिओ आहे, १६ वर्षं, त्यातली बरीच खेळाडूंसोबत. पायाळू काका आमचे मूळपुरुष, त्यांना नमस्कार. (उसण तशीही बहुतेकदा काही दिवसांत आपोआप उतरते, त्यामुळे काकांचा स्ट्राइक रेट उत्तम असणारच.)

चढाईपटूदादा, जादू नाही, धंदा आहे की नाही ते दहा सिटिंगमध्ये तो काय करणार यावर आहे. आधी तुमच्या घोट्यात काय चाललंय ते सांगते.

घोट्यात टॅलस नावाचं हाड असतं, नडगीची दोन हाडं त्याला वरून चिमट्यासारखी धरून असतात. हे हाड पुढे रुंद, मागे अरुंद, पाचरीसारखं. आणि गंमत म्हणजे त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही, म्हणजे त्याला कुणी ओढूनताणून जागेवर आणत नाही, आजूबाजूची हाडं आणि लिगामेंट नेतील तसं ते जातं. गुडघा पायाच्या बोटांपुढे नेताना हे टॅलस किंचित मागे घसरायला लागतं. मुरगळल्यावर, सूज आणि दोन-तीन आठवडे जपून चालणं यामुळे बऱ्याच जणांचं हे मागे घसरणं कमी होतं. म्हणून पुढे ती अडकल्याची जाणीव. म्हणून तुम्ही पोटरी कितीही ताणलीत तरी तिथे काही होत नाही, कारण अडथळा पोटरीत नाहीचे. ताण मागे पोटरीत लागला तर स्नायू, पुढे लेसच्या जागी चिमटा बसला तर सांधा, ढोबळमानाने असं धरा. (पुढे हाडाला काट्यासारखी वाढ झालेली असली तरी तसाच चिमटा बसतो, फुटबॉलवाल्यांमध्ये दिसतं, तिथे रेटून काही होत नाही, उलट सुजतं.)

त्या फिजिओने जे केलं ते मुलिगन पद्धतीचं. ब्रायन मुलिगन हे न्यूझीलंडचे फिजिओ, १९८० च्या दशकात त्यांनी हे बसवलं. सांधा हाताने किंवा पट्ट्याने किंचित सरकवून धरायचा आणि त्याच वेळी हालचाल पेशंटने स्वतः करायची. नियम एकच, दुखता कामा नये. दुखलं म्हणजे दिशा चुकली किंवा हे तंत्र त्या माणसासाठी नाही. त्याने तुम्हाला "दुखलं तर सांगा" म्हटलं ना, म्हणजे माणूस शिकलेला आहे. त्याआधीची पद्धत ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांची, त्यात पेशंट आडवा आणि फिजिओ सांध्याला झोके देतो, पहिल्या ग्रेडला इतके हलके की बघणाऱ्याला वाटावं नुसता हात ठेवलाय, चौथ्या ग्रेडला सांध्याच्या अगदी टोकाशी बारीक बारीक. आणि पाचवा म्हणजे तो हिसका, जो रस्साभाऊंच्या वस्तादांचा.

आता शंकासुरांचा मुद्दा. ते निम्मे बरोबर आहेत, आणि हे मी फिजिओ असून म्हणतेय. दहा मिनिटांत साडेतीन सेंमी वाढले ते काही सांध्याचं आवरण तेवढ्यात लांब झालं म्हणून नाही. बराचसा भाग मज्जासंस्थेचा आहे, ती त्या जागी राखण करत बसलेली असते, हाताच्या दाबाने आणि न दुखता झालेल्या हालचालीने ती जरा सैल सोडते. ही उघडलेली खिडकी आहे. खिडकी उघडल्यावर तुम्ही काय केलंत? घरी आलात, हवेत होतात, बसलात. मग ती बंद झाली.

चढाईपटू
ताई, तुम्ही कॅमेरा लावलाय का घरात? बाइकवर अलिबाग आणि मग सोफा 🙏

हातगुण
😄 सगळे तेच करतात. टेबलावरून उतरल्या उतरल्या, त्याच दहा-पंधरा मिनिटांत, नवीन मिळालेल्या सेंटीमीटरवर वजन टाकायचं असतं. उजवा पाय पुढे, टाच जमिनीला, गुडघा बोटांपुढे नेत हळू हळू खाली, तीन सेट. मग पायरीच्या कडेवर पंजे ठेवून टाच खाली सोडायची आणि वर उचलायची. मग एका पायावर उभं राहणं, आधी डोळे उघडे मग मिटून (बघाच उजव्यावर किती डुगडुगता, मुरगळल्यावर तोलाची जाण पण जाते आणि ती कुणी परत आणत नाही). शरीराला कळलं पाहिजे की हा भाग आता रोज वापरायचाय, नाहीतर ते परत राखणदार बसवतं.

आणि घरी रोज: सायकलची जुनी ट्यूब घ्या, खिडकीच्या गजाला खाली बांधा, गजाकडे पाठ करून उभे राहा, ट्यूबचा फास घोट्याच्या पुढून, दोन्ही बाजूच्या हाडांच्या जरा खाली, म्हणजे ट्यूब टॅलसला मागे ओढेल. ट्यूब नडगीवर आली तर सगळं उलटं होतं. मग गुडघा पुढे-मागे, १५-१५ वेळा, सकाळ-संध्याकाळ. हे मोफत आहे, ७०० वाचले.

त्या फिजिओने व्यायाम दिला नसेल तर विचारा. विचारून पण दिला नाही तर दहा सिटिंग नाही, दुसरा फिजिओ.

घाटातला_घोडा
मी सातारा हिल हाफ मॅरेथॉनवाला, चार वेळा यवतेश्वरचा घाट चढलोय. ताईंनी लिहिलंय ते चढावर फार जाणवतं. सपाटीला घोटा जेमतेम वाकला तरी निभतं, चढावर नाही निभत. माझा डावा घोटा असाच लाकूड होता, मी काय करायचो तर पाऊल बाहेर वळवून चढायचो आपल्याही नकळत, आणि मग गुडघ्याची आतली बाजू आणि कंबर धरायची. चढाईपटू, तुमचा "चांगला" गुडघा बहुतेक त्यामुळेच बोंबलतोय, उजव्या पायाची उधारी तो फेडतोय.

माझं दोन महिन्यांत ६ वरून ९ झालं. टायमिंग किती सुधारलं विचाराल तर दीड मिनिट, आणि त्यातलं किती घोट्यामुळे आणि किती त्या वर्षी पाऊस कमी होता म्हणून, देव जाणे.

शंकासुर
घोडेबुवा, तुमच्यासारखे प्रामाणिक लोक जाहिरातीत घेत नाहीत.

नेट्सबाहेरची_आई
ताई, जरा विषयांतर पण इथेच विचारते. मुलगा १४ वर्षांचा, फास्ट बोलिंग करतो, पुण्यात. महिनाभर बोलिंग टाकली की कंबरेत एका बाजूला दुखतं, मागे वाकलं की जास्त. अकादमीतला एक जण म्हणतो मणका "लॉक" झालाय, मी एका झटक्यात मोकळा करतो, दोन मुलांचा केलाय. मुलगा तयार आहे कारण रविवारी सिलेक्शन मॅच आहे. करू देऊ का?

हातगुण
नाही. नाही. आणि परत एकदा नाही.

ताई, १४ वर्षांचा फास्ट बोलर, एका बाजूची कंबरदुखी, मागे वाकल्यावर वाढते, हे ऐकलं की आम्ही स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर) आहे असंच धरून चालतो, नाही हे सिद्ध होईपर्यंत. बोलिंगच्या दुसऱ्या बाजूला दुखत असेल तर आणखी जास्त. म्हणजे उजव्या हाताने टाकत असेल आणि दुखणं डावीकडे असेल. या वयात हाडं वाढत असतात आणि प्रत्येक बॉलला कंबर मागे, बाजूला आणि पिळून अशी तिन्हीकडून दाबली जाते. बुमराहला २०१९ मध्ये कंबरेचं स्ट्रेस फ्रॅक्चर झालं होतं, तो तर पूर्ण वाढलेला माणूस, हाताशी भारतीय संघाचे फिजिओ. तुमच्या पोराच्या तडकलेल्या हाडावर कुणी झटका देणं म्हणजे काय ते मी लिहीत नाही.

बोलिंग आजपासून बंद, रविवारी बॅटिंग पण नको, ऑर्थोपेडिक किंवा स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरला दाखवा. साध्या एक्स-रेत सुरुवातीला बहुतेक वेळा दिसत नाही, एमआरआय सांगतील ते करा.

नेट्सबाहेरची_आई
उजव्या हाताने टाकतो. दुखतं डावीकडे. उद्याच जाते.

मेलबर्नकर
मी एक कोपरा घेतो. इकडे कायरोप्रॅक्टरकडे (मणक्याला झटके देऊन उपचार करणारे) बराच गेलोय (फुटसाल आणि ऑफिसची खुर्ची या दोघांच्या कृपेने). ही विद्या १८९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात सुरू झाली आणि तिचा जनक पामर म्हणायचा पहिल्या पेशंटचं ऐकूच येत नव्हतं, मणक्याला झटका दिला आणि त्याला ऐकू यायला लागलं. घ्या! पण कट्‌कन आवाज आला की इतकं बरं वाटतं राव. तो आवाज म्हणजे हाड जागेवर बसतं का?

हातगुण
हाड जागेवरून गेलेलंच नसतं, बसणार कुठून. सांध्यातलं वंगण एका बंद पिशवीत असतं, पृष्ठभाग झटक्यात लांब गेले की आतला दाब उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते, तो आवाज. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या लोकांनी एमआरआयमध्ये बोट ओढून त्याचं चित्रीकरणच केलं. म्हणून तेच बोट लगेच परत मोडत नाही, साधारण वीस मिनिटं जावी लागतात. बोटं मोडून संधिवात होतो हे आपल्या आज्यांचं म्हणणं पण खरं नाही. कॅलिफोर्नियातल्या डोनाल्ड अंगर नावाच्या डॉक्टरने ६० वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही, दोन्ही हात शेवटी सारखेच निघाले, २००९ मध्ये त्याला इग नोबेल (गमतीशीर संशोधनाला देतात ते) दिलं.

एवढंच लक्षात ठेवा की आवाज आला म्हणजे उपचार झाला असं नाही आणि नाही आला म्हणजे फुकट गेले असंही नाही. चढाईपटूंच्या घोट्यात आवाज झालाच नव्हता, सेंटीमीटर मात्र वाढले.

सुपारी
म्हणजे आमचा सलूनवाला दाढीनंतर मान दोन्हीकडे कडाकड मोडतो ते?

हातगुण
ते बंद करा. उद्यापासून. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या वर जातात, झटक्याने क्वचित का होईना त्यांचं अस्तर फाटतं आणि माणसाला स्ट्रोक येतो, तरुण माणसाला. क्वचित आहे, पण बदल्यात मिळतं काय, तर कडाकड आवाज. घोट्याच्या बाबतीत पैज लावायला हरकत नाही, मानेची लावू नका. चंपी करा म्हणावं, मान सोड.

आणि ज्यांचे सांधे आधीच सैल आहेत, अंगठा वाकवून मनगटाला टेकतो, कोपर उलटं जातं, त्यांना खरंतर सोडवून घ्यायची नाही, आवळून घ्यायची गरज असते. पोहणाऱ्या आणि जिम्नॅस्टिकच्या मुली बऱ्याच अशा. त्यांनाच "मोकळं" वाटायला सगळ्यात जास्त आवडतं, हा भाग वेगळा.

कानडाऊ
मग ताजा मुरगळलेला पाय किती दिवसांनी दाखवायचा हाताच्या उपचारांना? आमच्याकडे त्याच रात्री हाडवैद्याकडे नेतात.

हातगुण
त्याच रात्री फक्त एवढं बघा: चार पावलं टाकता येतात का, आणि घोट्याच्या दोन्ही बाजूच्या हाडांच्या मागच्या कडेवर किंवा पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मधल्या उंचवट्यावर बोटाने दाबलं तर जीव जातो का. चार पावलं पडत नसतील किंवा दाबल्यावर कळ येत असेल तर एक्स-रे, त्याआधी कुणालाही ओढू देऊ नका. हाड शाबूत असेल तर हलक्या हाताने पहिल्याच आठवड्यात सुरू करता येतं, पण हलक्या म्हणजे हलक्याच. आणि हो, आपल्या राज्यात फिजिओंची परिषद आहे, नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका, मला विचारला तर मला आनंदच होतो.

पांढरा_रस्सा
ताई तुमचं सगळं मान्य, पण तेलाच्या मालिशीला नावं ठेवू नका हां.

हातगुण
छे हो, मी स्वतः करून घेते.

चढाईपटू
मंडळी, सात आठवडे झाले, म्हटलं हिशोब देऊन टाकावा.

त्या फिजिओला विचारलं व्यायामाचं. म्हणाला, "सांगितलं असतं पण लोक करत नाहीत, म्हणून सांगायचं सोडलंय." चार सिटिंग केल्या, दहा नाही, आणि प्रत्येक वेळी उतरल्यावर तिथेच पंधरा मिनिटं घाम काढला. घरी शेजाऱ्याच्या लुनाची ट्यूब मिळाली (सायकलची नाही मिळाली, ही जाड आहे, चालली). पहिले तीन दिवस ती नडगीवर बांधत होतो, उलटी. मग ताईंचं परत वाचलं.

आकडे असे: साडेचार, मग ५, मग तिसऱ्या आठवड्यात ७ आणि तिथेच अडकलं, दहा दिवस हललंच नाही, सोडूनच देणार होतो. काल मोजलं तर साडेनऊ. डावा अजून ११. उकिडवं बसल्यावर टाच टेकते, बायको म्हणते एवढ्या आनंदाने कुणी उकिडवं बसलेलं बघितलं नाही. डावा गुडघा ऐंशी टक्के गप्प.

परवा मॅच होती. बोनसला खाली गेलो, पुढे काही अडकलं नाही, मी मनातल्या मनात ट्यूबला हात जोडतोय तेवढ्यात एका एकोणीस वर्षांच्या कोपऱ्यातल्या पोराने तोच घोटा धरला आणि असा धरला की मी जागेवर आडवा. घोट्याला काही झालं नाही, शंभर टक्के तपासला.

शंकासुर
अभिनंदन. म्हणजे उपचाराने घोटा सुधारला, अक्कल तीच राहिली.

चढाईपटू
😂 पुराव्यानिशी.

नेट्सबाहेरची_आई
हातगुण ताई, उशिरा लिहितेय. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला स्ट्रेस रिॲक्शन निघाली, पूर्ण तडकायच्या आधीची. डॉक्टर म्हणाले तीन-चार महिने बोलिंग नाही. मुलगा दोन दिवस बोलला नाही माझ्याशी, काल आपणहून विचारत होता लेग स्पिन शिकलो तर कंबरेला कमी त्रास का. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

हातगुण
वेळेवर सापडलं, बरं झालं. पिळणं लेग स्पिनलाही असतंच, त्याला सांगा आधी डॉक्टरांनी दिलेले पोटाचे आणि नितंबांचे व्यायाम मन लावून कर, मग फ्लिपर पण शिक.

चढाईपटूदादा, ट्यूब अजून दीड महिना सोडू नका. आणि एका पायावर डोळे मिटून किती सेकंद, ते लिहिलंच नाहीत.

चढाईपटू
डावा ३१. उजवा ९. लिहिणार नव्हतो.